कोणता डिबगर कुठल्या बोर्डाचा?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातल्या केळीला ठिबक आता नवं राहिलेलं नाही. नवं आहे ते ठिबकाचं ऑटोमेशन. मोटारीपाशी एक मोठी पेटी, तिला मास्टर म्हणतात. प्रत्येक प्लॉटच्या तोंडाशी, व्हॉल्व्हजवळ, एक छोटी पेटी, तिला नोड म्हणतात. रात्रपाळीची लाईट आली की मास्टर रेडिओवरून तीन नंबरच्या नोडला सांगतो, व्हॉल्व्ह उघड. नोड तो उघडतो आणि उघडला म्हणून परत कळवतो. मग मोटार सुरू होते. शेतकऱ्याची झोप मोडत नाही, एवढाच त्यातला चमत्कार. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अशा कमी ताकदीच्या रेडिओला परवाना लागत नाही. त्यामुळे लोरा जातीच्या रेडिओची दोन मॉड्यूल आणि एसटीएम३२ चिपचे दोन बोर्ड घेतले की हे सगळं टेबलावर उभं करता येतं. बांभोरीच्या, शिरपूरच्या किंवा धुळ्यात देवपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना प्रोजेक्टचा विषय शोधायला लांब जावं लागत नाही. तो घरच्या बांधावरच असतो.

टेबलावर मांडणी झाली की भांडण सुरू होतं. मास्टर म्हणतो निरोप पाठवला, नोड म्हणतो आलाच नाही. खोटं कोण बोलतंय हे बघायला चालत्या प्रोग्रामच्या आत डोकवावं लागतं, आणि त्यासाठी हार्डवेअर डिबगर लागतो. दिसायला तो अंगठ्याएवढा असतो. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला तीन-चार वायरी. एआरएम जातीच्या चिपवर त्यातल्या दोनच वायरी बोलतात, एक क्लॉकची आणि एक डेटाची. तिसरी ग्राउंडची. एवढ्यावर चालती चिप जागच्या जागी थांबवता येते, प्रोग्रामची एकेक ओळ चालवता येते, मेमरीतली कुठलीही जागा वाचता येते आणि नवा कोड बर्न करता येतो. एसटी कंपनीचा ‘एसटी-लिंक’, सेगरचा ‘जे-लिंक’, मायक्रोचिपचा ‘पिकिट’ ही यातली नेहमीची नावं. पण कॉलेजांच्या ड्रॉवरमध्ये बहुतेकदा सापडते ती एसटी-लिंकची नक्कल, रंगीत ॲल्युमिनियमच्या टोपणातली, मूळ यंत्रापेक्षा कितीतरी स्वस्त.

एकच डिबगर आधी मास्टरला, मग नोडला असा आळीपाळीने लावून बघता येतो. पण दोष मास्टरमध्येही नसतो आणि नोडमध्येही नसतो, दोघांच्या बोलण्यात असतो. तो पकडायचा तर दोन्ही बोर्ड एकाच वेळी डोळ्यांसमोर हवेत. म्हणून दुसरा डिबगर येतो, बहुतेक वेळा त्याच दुकानातून आणि त्याच बनावटीचा. दोन्ही लॅपटॉपला लावले जातात, कोड बर्न करायचं बटण दाबलं जातं आणि टेबलाभोवती अहिराणीत एकच प्रश्न उठतो : “हाऊ कोणता शे?” म्हणजे, हा कोणता आहे?

हे प्रकरण त्याच प्रश्नाबद्दल आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केलेला बरा. दोन सारखी यंत्रं लावल्यामुळे यूएसबी स्वतः कधी गोंधळत नाही. यूएसबीचं पहिलं प्रमाण जानेवारी १९९६ मध्ये आलं. इंटेलमधल्या ज्या चमूने त्याचा पाया घातला, त्याचे प्रमुख अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. सुरतेवरून गेलं तर धुळ्याहून बडोदा काही फार लांब नाही, एवढं जाता जाता. तर या मंडळींनी सारख्या उपकरणांचा विचार पहिल्याच दिवशी करून ठेवला होता. पोर्टात काहीतरी लागलं की हब संगणकाला तसं कळवतो. संगणक एका वेळी एकाच पोर्टाला रिसेट देतो. रिसेट झालेलं उपकरण शून्य या पत्त्यावर उत्तर देतं. त्याला लगेच १ ते १२७ मधला एक रिकामा पत्ता मिळतो, आणि मगच संगणक पुढच्या पोर्टाकडे वळतो. शून्य पत्त्यावर एका वेळी एकच उपकरण असल्यामुळे दोन जुळी एकदम ‘मी, मी’ म्हणून ओरडू शकत नाहीत. तारेच्या पातळीवर प्रत्येकाचा पत्ता वेगळाच असतो.

पण हा पत्ता तात्पुरता आहे. केबल काढून परत लावली की तो बदलतो, आणि आपल्याला तो कधी दिसतही नाही. आपण सॉफ्टवेअरला सांगतो ते फक्त ‘एसटी-लिंकला जोड’. कुठल्या एसटी-लिंकला, हे आपण बोलतच नाही. गोंधळ तिथे, आपल्या अर्धवट बोलण्यात आहे.

खानदेशातल्या कुठल्याही मोठ्या गावात जाऊन ‘पाटील आहेत का?’ असं विचारून बघा. गावकरी तुम्हाला उलट विचारणार, कोणते पाटील? तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. रांगेत पहिले उभे आहेत ते, असं सांगा. मारुतीच्या पारामागच्या घरातले, असं सांगा. नाहीतर सरळ आधार क्रमांक द्या. संगणकापुढेही नेमक्या याच तीन वाटा आहेत : क्रमाने ओळख, जागेने ओळख आणि अंगच्या नंबराने ओळख. या प्रकरणातलं जवळपास सगळं तंत्र या तिघींपैकी कुठली कधी वापरायची, यात सामावलं आहे.

क्रमाची वाट सगळ्यात सोपी, म्हणून सगळ्यात जास्त वापरली जाते आणि सगळ्यात जास्त दगा देते. लिनक्समध्ये यूएसबीवरचं पहिलं सीरियल उपकरण ‘टीटीवाय-यूएसबी-शून्य’ होतं, दुसरं ‘टीटीवाय-यूएसबी-एक’. पहिलं म्हणजे संगणकाला आधी सापडलेलं. सकाळी मास्टर आधी लावला म्हणून तो शून्य झाला. दुपारी लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला, पण बोर्ड ज्याला लावले होते तो, भिंतीच्या ॲडॅप्टरवर चालणारा हब मेला. लाईट परत आली तेव्हा हबवरची सगळी उपकरणं एकदम जागी झाली, आणि या वेळी नोड आधी सापडला. शून्य आता नोड आहे. स्क्रीनवर कुठलीही सूचना येत नाही, लाल अक्षरं येत नाहीत, आणि सकाळी लिहून ठेवलेली स्क्रिप्ट ‘शून्यवर मास्टरचा कोड टाक’ हे काम इमानाने पार पाडते.

माझ्या मते या सगळ्या विषयातला खरा धोका हाच आहे. जोडणी झालीच नाही तर माणूस केबल तपासतो, ड्रायव्हर तपासतो, आणि अर्ध्या तासात वाटेवर येतो. चुकीच्या बोर्डाशी नीट जोडणी झाली तर सगळं व्यवस्थित चाललंय असंच वाटत राहतं. दोन्ही बोर्डांवर एकाच जातीची चिप असेल तर सॉफ्टवेअरला तक्रार करायला कारणच नसतं. कोड बर्न होतो, ‘यशस्वी’ असा संदेश येतो, आणि टेबलावर दोन मास्टर एकमेकांना हुकूम सोडत बसतात. ऐकणारा कुणीच नसतो. मग पोरं रेडिओला दोष देतात, अँटेना बदलतात, लोराचा स्प्रेडिंग फॅक्टर वाढवून बघतात.

यावर खात्रीचा उपाय अंगच्या नंबराचा. यूएसबीचं कुठलंही उपकरण लावलं की संगणक त्याच्याकडून सगळ्यात आधी १८ बाइटचा एक दाखला मागतो. त्याला डिव्हाइस डिस्क्रिप्टर म्हणतात. शून्यापासून मोजलं तर आठव्या-नवव्या बाइटमध्ये बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक असतो, दहाव्या-अकराव्यात मालाचा. एसटी-लिंक व्ही-टूसाठी हे आकडे हेक्साडेसिमलमध्ये ०४८३ आणि ३७४८ असे आहेत, आणि ते जगातल्या प्रत्येक एसटी-लिंक व्ही-टूवर तेच असतात. म्हणजे ते आडनाव झालं. वेगळेपण सोळाव्या बाइटमध्ये दडलेलं आहे. तिथे शून्य असेल तर उपकरणाला सीरियल नंबर नाही. शून्याखेरीज दुसरा आकडा असेल तर संगणक त्या आकड्याची अक्षरमाळ मागून घेतो, आणि ती त्या एका नगाची ओळख ठरते. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून उपकरणाच्या तपशिलात ‘डिव्हाइस इन्स्टन्स पाथ’ बघितला की शेवटच्या तिरक्या रेघेनंतर हा नंबर दिसतो. तिथे सलग नंबराऐवजी मध्ये मध्ये ‘अँड’चं चिन्ह असलेली विचित्र माळ दिसली तर समजावं की उपकरणाला स्वतःचा नंबर नाही, आणि विंडोजने पोर्ट बघून आपल्या मनाने एक बनवून घेतला आहे.

आता प्रश्न बनवणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाचा. जे-लिंकवर सीरियल नंबर बाहेर छापलेला असतो आणि आतही तोच असतो. अस्सल एसटी-लिंकच्या आत एसटीएम३२ जातीचीच एक चिप बसलेली असते. अशा प्रत्येक चिपमध्ये कारखान्यातच ९६ बिटांचा एकमेव क्रमांक कोरलेला असतो, त्यामुळे वेगळेपणाची अडचण येत नाही. फार जुन्या फर्मवेअरचा एसटी-लिंक हा क्रमांक वाचता येईल अशा अक्षरांत न देता कच्च्या बाइट्समध्ये देतो, आणि स्क्रीनवर अगम्य चिन्हं उमटतात. फर्मवेअर नवं केलं की बहुधा हे थांबतं.

स्वस्त मालाचं चित्र वेगळं आहे. ईएसपी३२ या आणखी एका चिपच्या असंख्य बोर्डांवर सीपी२१०२ नावाची यूएसबी-सीरियल चिप असते. तिचा कारखान्यातून आलेला सीरियल नंबर ‘०००१’ असतो, तो बदलायची सोय चिप बनवणाऱ्याने दिलेली आहे, पण बोर्ड बनवणारे तेवढे कष्ट घेत नाहीत. वर्गातले वीसच्या वीस बोर्ड मग ‘०००१’. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून आणलेल्या अर्ध्याअधिक मॉड्यूलांवर दिसते ती सीएच३४० चिप. तिच्या नेहमीच्या आवृत्तीला सीरियल नंबरच नसतो. नकली डिबगरांत तर फर्मवेअरची एकच प्रत सगळ्या नगांवर उतरवलेली असू शकते, नंबरासकट. नंबर नसणं परवडलं. दोन नगांवर एकच नंबर असणं हे जास्त वाईट, कारण मग नंबरावर विश्वास ठेवणारं सॉफ्टवेअर निर्धास्तपणे फसतं, आणि दोन्ही नग एकाच वेळी नीट चालतील याचीही खात्री राहत नाही.

नंबर नाही किंवा सारखा आहे, अशा वेळी जागेची वाट धरायची. लिनक्समध्ये जागा फार सुटसुटीत लिहिली जाते. ‘१-४.२’ म्हणजे पहिली बस, संगणकाचं चौथं पोर्ट, त्यावरच्या हबचं दुसरं पोर्ट. उपकरण काढलं, परत लावलं, लाईट गेली-आली, तरी केबल त्याच भोकात असेपर्यंत ही जागा तीच राहते. ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये ‘सीरियल’ नावाचा फोल्डर असतो. त्यात ‘बाय-आयडी’ आणि ‘बाय-पाथ’ असे दोन भाग लिनक्स स्वतःहून बनवून ठेवतो, पहिला नंबराने आणि दुसरा जागेने. ही सोय अनेकांना ठाऊकच नसते आणि ते वर्षानुवर्षं शून्य-एक करत बसतात. याच्या पुढे जायचं तर उपकरणांना नावं देणाऱ्या लिनक्सच्या ‘यूडेव्ह’ला दोन ओळींचा नियम लिहून द्यावा : या नंबराचं उपकरण लागलं की त्याला ‘मास्टर’ म्हण, त्या नंबराचं लागलं की ‘नोड-तीन’ म्हण. त्यानंतर सगळ्या स्क्रिप्टमध्ये आपलीच नावं वापरायची.

जागेच्या वाटेवर एक फसवा खड्डा आहे. बाजारात मिळणाऱ्या सात पोर्टांच्या बऱ्याच हबमध्ये सात पोर्टांची चिप नसते. चार पोर्टांच्या दोन चिपा असतात, आणि पहिलीच्या एका पोर्टात दुसरी अडकवलेली असते. तीन आणि चार, सात. त्यामुळे बाहेरून ओळीने दिसणाऱ्या भोकांपैकी काहींची जागा ‘१-४.१’सारखी निघते, तर शेजारच्याची ‘१-४.४.१’सारखी. हबच्या पाठीवर स्केच पेनने खरी जागा लिहून ठेवणं हाच त्यावरचा इलाज. मुळापासून उपकरणापर्यंत पाचपेक्षा जास्त हब ओळीत चालत नाहीत, हेही लक्षात असू द्या, कारण असा एक हब बाहेरून एक दिसला तरी हिशोबात दोन धरला जातो.

ओळख ठरली, की ती सॉफ्टवेअरला सांगायची. फुकट आणि सगळीकडे चालणारं साधन म्हणजे ओपनओसीडी. डॉमिनिक राथ या विद्यार्थ्याने जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठात २००५ साली पदविकेचा प्रबंध म्हणून ते लिहायला घेतलं. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टला नाकं मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. त्यात ‘ॲडॅप्टर सीरियल’ या आदेशापुढे नंबर लिहिला की ओपनओसीडी तोच डिबगर धरतो. नंबर निरुपयोगी असेल तर ‘ॲडॅप्टर यूएसबी लोकेशन’पुढे वर सांगितलेली जागा लिहायची. यातलं काहीच लिहिलं नाही, तर तो पहिला सापडेल त्याला धरतो. दुसरी खिडकी उघडून परत ओपनओसीडी चालवला, तर तो पुन्हा त्याच पहिल्याला हात घालतो आणि उपकरण व्यग्र आहे म्हणून परत येतो. शेजारी दुसरा रिकामा बसला आहे हे बघायचं काम त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

नंबर दिल्यावरही दुसरी प्रत बहुतेकदा चालत नाही, आणि इथे भलेभले अडखळतात. ओपनओसीडी सुरू झाला की तीन दरवाजे उघडतो : डिबगर प्रोग्रामसाठी ३३३३, टेलनेटसाठी ४४४४ आणि टीसीएलसाठी ६६६६. हे नेटवर्कचे पोर्ट आहेत, यूएसबीच्या भोकांशी त्यांचा काही संबंध नाही. पहिल्या प्रतीने ते घेतलेले असतात. पोरं शोधून शोधून ३३३३चं ३३३४ करतात, तरी दुसरी प्रत पत्ता आधीच वापरात असल्याचं सांगून बंद पडते, कारण ४४४४ आणि ६६६६ तसेच राहिलेले असतात. तिन्ही बदलावे लागतात, किंवा नको असलेले दोन बंद करून टाकावे लागतात. एसटीएम३२क्यूबआयडीई वापरणाऱ्यांना डिबगच्या सेटिंगमध्ये सीरियल नंबर निवडायचा रकाना मिळतो. तिथला नेहमीचा पोर्ट ६१२३४. दुसऱ्या बोर्डाला हात आपोआप ६१२३५कडे जातो. तो घेऊ नये, ट्रेसिंगसाठी तो आधीच राखलेला असतो. चार-पाच आकडे सोडून पुढचा घ्यावा. जे-लिंकचा सर्व्हर २३३१वर बसतो, त्यालाही हीच रीत.

इतकं करूनही मनातला एक किंतु जात नाही. डिबगर बरोबर ओळखला, पण त्याच्या वायरी भलत्याच बोर्डाला लावल्या असतील तर? मास्टर आणि नोड टेबलावर शेजारी शेजारी आहेत, जंपर वायरी सगळ्या एकाच रंगाच्या आहेत. इथे डिबगरला विचारून उपयोग नाही, बोर्डालाच विचारावं. एसटीएम३२च्या पोटातला तो ९६ बिटांचा क्रमांक डिबगरमधून वाचता येतो. कोड बर्न करण्याआधी स्क्रिप्टने तो वाचावा, आपल्या यादीशी ताडून बघावा, जुळला नाही तर तिथेच थांबावं. चार-पाच ओळींचं काम आहे. मी तर म्हणेन, दोनपेक्षा जास्त बोर्ड असतील तर बाकी काही केलं नाही तरी चालेल, एवढं करा.

आता दोन्ही बोर्ड दोन खिडक्यांत दिसू लागले. मास्टरमध्ये ब्रेकपॉइंट लावला, मास्टर थांबला. पण नोड थांबलेला नाही, त्याचं घड्याळ चालूच आहे. मास्टरचा आवाज बराच वेळ आला नाही म्हणून त्याने आपल्या सुरक्षा नियमाप्रमाणे व्हॉल्व्ह मिटवून घेतला. तुम्ही मास्टर पुढे सोडता आणि बघता तर व्हॉल्व्ह बंद. हा दोष प्रोग्रामचा नाही, तुमच्या बघण्याने तयार झालेला आहे. भरीस भर म्हणून चिपमधला वॉचडॉग टायमरही थांबलेल्या प्रोग्रामची वाट बघत नाही. थोड्याच वेळात तो चिप रिसेट करून टाकतो. डिबगर थांबवेल तेव्हा वॉचडॉगही थांबव, असा एक बिट एसटीएम३२मध्ये असतो, तो आधी चढवावा लागतो. दोन वेगळ्या बोर्डांना एकाच क्षणी थांबवणं मात्र दोन स्वस्त डिबगरांच्या आवाक्यातलं नाही. दोघांमधल्या संभाषणाचा दोष शोधायचा तर ब्रेकपॉइंट कमी आणि नोंदी जास्त, अशी सवय लावावी. दोन्ही बोर्डांना वेळेसकट ओळी छापू द्यायच्या, त्या एका फाइलमध्ये एकत्र करायच्या, आणि डिबगर राखून ठेवायचा तो घटना घडून गेल्यावर मेमरी तपासायला.

यापेक्षा वेगळी गोष्ट कारखान्यातली. शेतीच्या मोटारी मोबाइलवरून चालू-बंद करायची कल्पना महाराष्ट्राला जुनी आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ हे त्यातलं गाजलेलं नाव. समजा एमआयडीसीतला एखादा छोटा पॅनेलवाला तसाच मोबाइल ऑटोस्टार्टर बनवतो आहे. त्याच्या टेबलावर चार खाचांची चौकट आहे, प्रत्येक खाचेखाली एक डिबगर आणि एक सीरियल मॉड्यूल पक्कं बसवलेलं. बोर्ड येतात, चार चार एकदम बर्न होतात, तपासले जातात, पुढे जातात. त्याला नंबराशी काही देणंघेणं नाही. त्याला हवंय ते ‘डावीकडून दुसरी खाच नापास’ एवढंच. सीरियल मॉड्यूल बिघडलं, नवं बसवलं, तर नंबर बदलणार पण खाच तीच राहणार. इथे जागेची ओळखच योग्य.

आणि तपासायच्या बोर्डावरच स्वतःचा वेगळा नंबर असलेली यूएसबी चिप असेल, तर नंबर चक्क डोकेदुखी होतो. विंडोज प्रत्येक नव्या नंबराला नवा कॉम पोर्ट देतं आणि जुना विसरत नाही. आज कॉम १२, उद्या कॉम ८०, असं करत आकडा २५६कडे चालू लागतो. यासाठी रजिस्ट्रीत ‘यूएसबी फ्लॅग्ज’खाली एक नोंद करता येते, अमुक कंपनीच्या अमुक मालाचा सीरियल नंबर वाचूच नकोस. कॉलेजात ज्या गोष्टीसाठी धडपडायचं, कारखान्यात तीच बंद करायची.

विजेचं सांगितल्याशिवाय हे प्रकरण संपवणं बेजबाबदारपणाचं होईल. यूएसबी २.०चं पोर्ट ५०० मिलिअँपियर देतं. वेगळा ॲडॅप्टर नसलेल्या हबच्या प्रत्येक भोकाला त्यातले हक्काचे फक्त १०० मिळतात. नकली एसटी-लिंकवर ३.३ व्होल्टची पिन असते, आणि बोर्डही त्यावरच चालवायचा मोह होतो. एका डिबगरवर ते खपतं. चार लावले की हब दमतो, आणि डिबगर मध्येच गायब होऊन नव्या क्रमाने परत येतात. बोर्डावर जीएसएम मॉड्यूल असेल तर विचारूच नका. सिम८००सारखं मॉड्यूल टॉवरशी बोलताना क्षणभर दोन अँपियरपर्यंत ओढतं. बोर्डाला त्याचा स्वतःचा सप्लाय द्यावा आणि डिबगरकडून फक्त क्लॉक, डेटा, ग्राउंड घ्यावं.

त्या ग्राउंडमध्येच जिवाचा धोका आहे. स्वस्त स्टार्टरच्या पॅनेलमध्ये ट्रान्सफॉर्मर वाचवायला कपॅसिटरवरचा सप्लाय वापरलेला असतो. अशा बोर्डाचं ग्राउंड थेट लाईनला जोडलेलं असतं. शेतातल्या डीपीवरून मोटारीला बहुधा तीन फेज येतात, म्हणजे ते ग्राउंड एखाद्या फेजवरच बसलेलं असू शकतं. तिथे एक डिबगर लावला तर लॅपटॉपचा पत्राच फेजवर येतो. दोन वेगवेगळ्या फेजवरच्या दोन बोर्डांना दोन डिबगर लावले, तर दोन्ही ग्राउंड लॅपटॉपच्या पोटात एकत्र येतात आणि मध्ये ४१५ व्होल्ट उभे राहतात. बॅटरीवर चालणारा लॅपटॉप यातून वाचवत नाही. यावर यूएसबी आयसोलेटर मिळतो. ॲनालॉग डिव्हायसेसची एडीयूएम४१६० ही त्यातली परिचित चिप, ती १२ मेगाबिटवर चालते आणि एसटी-लिंक व्ही-टूला तेवढा वेग पुरतो. पण आयसोलेटर प्रत्येक डिबगरला वेगळा लागतो. हबच्या आधी एकच लावला तर लॅपटॉप सुटतो, पण दोन्ही बोर्डांची ग्राउंडं हबमध्ये जोडलेलीच राहतात. मुळात चालू लाईनवरच्या पॅनेलला डिबगर लावायचाच कशाला, कोड टेबलावरच पक्का करून मग पेटी शेतात न्यावी, हा माझा सल्ला. अनुभवी पॅनेलवाले हेच करतात.

डिबगरांवर चिठ्ठ्या चिकटवा, हा सल्ला सगळेच देतात. त्यात एवढीच भर घालतो, की चिठ्ठीवर ‘मास्टर’ लिहू नका, नंबराचे शेवटचे चार आकडे लिहा. काम बदलतं, नंबर बदलत नाही. आणि साधा कागदी स्टिकर जळगावच्या मे महिन्यात टिकत नाही, ॲल्युमिनियमच्या टोपणावरून तर नाहीच. उष्णतेने आवळणारी पारदर्शक नळी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते, ती चिठ्ठीवरून चढवा.

नकली डिबगरांचे नंबर सारखेच निघाले तर ते फेकून देण्याचं कारण नाही, त्यांना जागेने ओळखा. नवे घ्यायचे असतील तर रास्पबेरी पाय पिकोचा विचार करा. २०२१च्या जानेवारीत चार डॉलरला आलेला हा बोर्ड. त्यावर ‘डिबगप्रोब’ हे फुकटचं फर्मवेअर टाकलं की तो स्वतःच डिबगर होतो. त्याचा सीरियल नंबर बोर्डावरच्या फ्लॅश चिपच्या ६४ बिटांच्या क्रमांकातून येतो, म्हणून दोन पिको सारखा नंबर सांगत नाहीत. अस्सल एसटी-लिंकला जितके पैसे पडतात, तितक्यात असे बरेच होतात.

कॉलेजच्या खरेदी समितीवर जे प्राध्यापक बसतात त्यांना एक विनंती. पुढच्या वेळी लॅबसाठी वीस डिबगरांचं कोटेशन मागवाल, तेव्हा किमतीच्या आणि वॉरंटीच्या रकान्याखाली एक ओळ वाढवा : प्रत्येक नगाचा यूएसबी सीरियल नंबर वेगळा असावा. माल आला की बिलावर सही करण्याआधी दोन नग एकदम लॅपटॉपला लावा आणि नंबर बघा. सारखे निघाले तर खोकं परत पाठवा.